हरवलान

मस्कतहून आलेल्या कागदावर एकच शब्द ठळक होता.
बिलकीसने तो बोट ठेवून वाचला, उजवीकडून:
मफकूद.
खाली जेटीला फेरीबोट लागत होती,
तिचं लोखंडी दार काँक्रीटवर आदळलं
आणि आम्ही तिघींनी उगाच तिकडे पाहिलं.

मी मराठीची, आता निवृत्त. मुनव्वर माझ्याच वर्गातला,
आठवी ब, खिडकीकडचा बाक,
कर्तरी-कर्मणीत हमखास चुकणारा.
"त्याचं नावच कर्मणी आहे, बाई," त्याची बहीण म्हणाली,
"उजळवलेला."

भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे तिने तीन अक्षरं लिहिली:
फे, काफ, दाल. ही नुसती हाडं.
पहिल्यामागे आ ओढला की करणारा,
पुढे म लावून पोटात ऊ घातला की केलेला.
कातिब लिहिणारा. मकतूब लिहिलेलं.
काळ?
"काळ नसतो त्यात. लिहिणारा लिहून उठलाय,
की लिहितोय, की शाई आणायला निघालाय,
ते शेजारच्या शब्दांना विचारायचं."

म्हणजे तीस वर्षं दाभोळात
मी अरबीच घोकून घेत होते, रोज सकाळी अकराला.
हजर: असणारा.
गायब: तोही करणाराच, नसण्याचं काम
स्वतःच्या अंगावर घेतलेला.
मंजूर म्हणजे मुळात फक्त पाहिलेलं
(सही करणारे पाहतात की नाही, अल्ला जाणे).

जुलेखाबी सुकट निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"पन बाई, हरवला, का हरवलान कोनी?"

हा न.
याला मी लाल शाईने मारत आले.
केलान, खाल्लान, सांगितलान.
"बापाने दोर सोडलान नि बोट निघाली"
असं मुनव्वरने निबंधात लिहिलं, तेव्हा समासात मी:
प्रमाण भाषेत लिही.
आमच्या प्रमाण भाषेत किल्ली हरवते, छत्री हरवते,
मूल जत्रेत हरवतं,
सगळं आपलं आपण.
मफकूद तसा नाही. कुणीतरी गमावलेला तो,
आणि ते कुणीतरी शब्दात शोधून सापडत नाही.
टगची कंपनी? वारा? रात्रपाळीचा तांडेल?

"मग करणारा?" मी विचारलं. "आ लाव."
फाकिद.
बिलकीसचं पेन थांबलं.
"फाकिद म्हणजे जिचं माणूस गेलं, ती बाई.
बाईचा प्रत्ययसुद्धा लावत नाहीत याला."

काय केलं होतं या बाईने?
डब्यात तांदळाच्या भाकऱ्या घातल्या, वर आंब्याचं लोणचं,
जेटीवर कपाळाशी हात धरून उभी राहिली
बोट नुसता ठिपका होईस्तो.
आणि व्याकरणाने हिला कर्त्याच्या पाटावर बसवलं.

"उलटंही असतं," बिलकीस हळूच म्हणाली.
"साहिल. किनारा. घडण करणाऱ्याची,
अर्थ मात्र केलेल्याचा. खरवडणं ही मूळ क्रिया.
समुद्राने सोललेला, तो साहिल."
खिडकीतून दिसत होता तो,
ओहोटीने उघडा पडलेला, जांभ्याचे दात बाहेर,
काही न करता.

तहसिलीसाठी मराठी तरजुमा हवा होता.
मी 'बेपत्ता' लिहिलं, खोडलं.
'हरवलेला' लिहिलं. तेही खोडलं.
मग लिहिलं: मुनव्वर इब्राहीम मुकादम, वय सव्वीस,
यास हरवलान.
त्याच्या आधी बोटभर जागा कोरी सोडली,
नाव कळेल तेव्हा मावेल इतकी.
कारकून परत पाठवणार, ठाऊक आहे.
लाल पेन पर्समध्येच राहिलं.

जुलेखाबींनी सुकटीतून एक वाळका खेकडा वेचला,
उंबऱ्यातल्या मांजरीला टाकला
आणि विचारलं, आता कितीची फेरी सुटेल.